दक्षिणेकडे तोंड केलेला डबा

भाड्याच्या कागदावर लिहिलं होतं: कुत्रा पाळायचा नाही, घरात सिगरेट ओढायची नाही, भिंतीला खिळा मारायचा नाही. पहिल्या दोन अटींचा आम्हाला काही त्रास नव्हता. तिसरी वाचून मैत्रेयने स्वयंपाकघराच्या मधोमध उभं राहून चारी बाजूंना पाहिलं आणि बुद्धांची आणि बाबासाहेबांची अशा दोन्ही फ्रेम मायक्रोवेव्हवर, भिंतीला टेकवून ठेवल्या. त्या हलू नयेत म्हणून पुढचे तेरा आठवडे आम्ही मायक्रोवेव्ह लावलाच नाही. भात गॅसवर गरम केला.

माझ्या सासूबाई, कमलाबाई, पुण्याहून व्हिडिओवर घर बघत होत्या. कॅमेरा फिरत फिरत फ्रेमपाशी आला तेव्हा त्यांनी फोन डोळ्यांजवळ घेतला. मग म्हणाल्या, "चार घरं झाली तुमची. एका तरी घरात भिंत आहे का?"

खरंच वर्षातलं ते चौथं घर होतं. मी नर्स आहे. जिथे नर्स कमी पडतात तिथे तेरा आठवड्यांच्या करारावर जायचं आणि करार संपला की पुढचं गाव, असं काम मी वर्षभर करत होते. मैत्रेय हॅमिल्टनच्या एका प्रयोगशाळेत माती तपासायचा. त्याने वर्षाची बिनपगारी रजा घेतली होती, आणि रोटोटुनाचं आमचं भाड्याचं घर नितीश आणि सलोनी या मित्रांना वापरायला दिलं होतं. ठरलं होतं ते असं: एक वर्ष, चार गावं. मी काम करायचं, त्याने देश पाहायचा आणि फोटो काढायचे. एक एप्रिलला तो पुन्हा त्याच्या मातीच्या नमुन्यांपाशी. गिझबर्न, ओमारू आणि टौरंगा झालं होतं. काइताइआ शेवटचं. उत्तर टोकाजवळचं हे गाव म्हणजे एक लांब रस्ता, दोन सुपरमार्केट, एक लहान इस्पितळ आणि सगळीकडे गाई. आम्ही पोचलो ती तारीख होती बावीस डिसेंबर, इथे दक्षिण गोलार्धात वर्षातला सगळ्यात मोठा दिवस.

फ्रेम लावून झाल्यावर मैत्रेयने गाडीतून डबा काढला.

हा डबा म्हणजे एक कॅमेरा असतो. थंड पेयाचा रिकामा डबा घ्यायचा, त्याला सुईच्या टोकाएवढं भोक पाडायचं, आत फोटोचा कागद गोल बसवायचा आणि वरून काळी टेप गुंडाळायची. मग तो एका जागी ठेवून विसरून जायचं. सूर्य रोज आकाशातून जातो तेव्हा कागदावर त्याची एक रेघ उमटते. उद्याची रेघ आजच्या शेजारी. महिने गेले की रेघांचं शिंकाळं तयार होतं आणि त्याच्याखाली समोरचं घर, झाड, कुंपण, जे हललं नाही ते सगळं. जे हललं ते येत नाही. आम्ही समजा रोज त्याच्यासमोरून शंभरदा गेलो तरी त्या फोटोत आम्ही नसतो.

सूर्याची सगळ्यात उंच वाट ते सगळ्यात खालची वाट असं पूर्ण चित्र यायला सहा महिने लागतात, डिसेंबरपासून जूनपर्यंत. आम्ही कुठेच सहा महिने राहत नव्हतो. त्यामुळे वर्षभर तो डबा नुसताच गाडीतून फिरला होता. काइताइआला मात्र त्याने तो अंगणाच्या टोकाला, कुंपणाच्या कोपऱ्यातल्या जाड लाकडी खांबाच्या डोक्यावर उभा केला आणि टेपने घट्ट बांधला. मला बजावलं, की आता याला हात लावायचा नाही आणि उगाच जवळही जायचं नाही. खांब हलला तर रेघा फाटतात.

मी त्याला विचारणार होते की तेरा आठवड्यांत काय येणार याच्यात. विचारलं नाही. मोजून-मापून वागणाऱ्या माणसाने तेरा आठवड्यांच्या घरात सहा महिन्यांचा डबा लावला, याचा अर्थ काय घ्यायचा ते मला कळेना.

माझं काम घरोघरी जाऊन जखमांचं ड्रेसिंग करण्याचं होतं. बहुतेक पायांच्या जखमा. म्हाताऱ्या माणसांच्या पायात रक्त साचून राहतं, कातडी पातळ होते आणि एखाद्या खरचटण्याचा व्रण महिनोन्‌महिने उघडा राहतो. आठवड्यातून दोनदा पट्टी बदलायची. एकदा जखमेशेजारी कागदी मोजपट्टी ठेवून, रुग्णाची परवानगी घेऊन फोटो काढायचा, लांबी-रुंदी लिहायची. मैत्रेय म्हणायचा, आपल्या दोघांत खरी फोटोग्राफर तू आहेस. तुझ्या फोटोंवर कुणाचं तरी काहीतरी ठरतं.

पण तेरा आठवड्यांच्या नर्सला एक गोष्ट कधीच दिसत नाही. अशी जखम भरायला बऱ्याचदा चार-पाच महिने लागतात. मी गिझबर्नमध्ये सहा जखमा अर्ध्यावर सोडल्या, ओमारूत नऊ, टौरंगात अकरा. शेवटच्या दिवशी पुढच्या नर्सला कागद द्यायचे आणि निघायचं. वर्षभरात मी एकही मोठी जखम पूर्ण मिटलेली पाहिली नव्हती.

अहिपाराच्या रस्त्यावर एक आजी राहायच्या. नाव सांगत नाही, तो आमचा नियम आहे. वय एक्क्याऐंशी, डाव्या घोट्याच्या वर बेचाळीस मिलिमीटर लांब आणि एकतीस रुंद जखम, दोन वर्षांपासूनची. पहिल्या दिवशी मी "किया ओरा" असा इथला नमस्कार करून आत गेले तर त्यांनी विचारलं, तू किती दिवसांची. मी तेरा आठवडे सांगितलं. त्या म्हणाल्या, मागच्या दोघीही तेवढ्याच होत्या, मग नाव लक्षात ठेवत नाही, चालेल ना? चालेल म्हटलं. जानेवारीच्या शेवटी जखम तीस बाय एकवीसवर आली. त्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारून घेतलं आणि जातानाही ते एकदा म्हणून पाहिलं.

चार फेब्रुवारीला माझी वरिष्ठ नायरी हिने मला बोलावून विचारलं, की इथे कायमची राहशील का. जागा रिकामी होती आणि माझं काम तिला आवडलं होतं. वीस मार्चपर्यंत सांग, नाहीतर मी जाहिरात देते, म्हणाली. मी विचार करते म्हटलं. खरं तर विचार झाला होता. मला राहायचं होतं. गाडीत बसल्यावर मोठ्याने म्हणूनही पाहिलं.

मैत्रेयला सांगितलं नाही. काइताइआपासून हॅमिल्टन गाडीने सहा तास. इथे जवळपास मातीची प्रयोगशाळा नाही. त्याने एक वर्ष माझ्यामागे गाडी चालवली होती, सामान बांधलं होतं, सोडलं होतं. आता पुढचं त्याचं, असं ठरलं होतं. ठरलेलं मोडायला मी कुठून सुरुवात करणार? मी रोज रात्रीच्या भाताबरोबर ते सांगणार होते आणि रोज दुसरंच काहीतरी सांगत होते.

त्यानंतरचा शनिवार, सात फेब्रुवारी. मैत्रेय 'नव्वद मैल' नावाच्या किनाऱ्यावर पक्ष्यांचे फोटो काढायला गेला होता. मी कपडे वाळत घालत होते आणि वाऱ्याने एक पायमोजा उडून कुंपणापाशी गेला. तो उचलताना डबा पहिल्यांदाच जवळून पाहिला. दुपारचे पावणेदोन वाजले होते. इथे उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे असतं, त्यामुळे सूर्य माथ्यावर येतो तो त्या सुमाराला. आणि डब्याचं भोक सावलीत होतं. ऊन पडलं होतं ते त्याच्या पाठीवर. भोकासमोर शेजारच्या रॉनची शेड होती. रॉन म्हणजे आमचा घरमालक, पोस्टातून निवृत्त झालेला. शेड घराच्या दक्षिणेला आहे.

मी फोनवर दिशा पाहिली. बरोबर दक्षिण.

हसू आलं, मग वाईट वाटलं. कारण हे एकदा झालेलं होतं. हॅमिल्टनमध्ये आमचं पहिलं घर मैत्रेयने निवडलं होतं. मी तेव्हा पुण्यात होते. त्याने कौतुकाने कळवलं, की दोन मोठ्या खिडक्या आहेत, दोन्ही दक्षिणेला, हिवाळाभर ऊन. आपल्याकडे थंडीत ऊन दक्षिणेकडूनच येतं, त्यामुळे मलाही ते पटलं. विषुववृत्ताच्या खाली आलं की हे उलटतं, हिवाळ्यात सूर्य उत्तरेला असतो, हे आम्हा दोघांनाही शाळेत शिकवलं होतं आणि दोघांपैकी एकालाही आठवलं नाही. त्या खिडक्यांतून जूनपासून सप्टेंबरपर्यंत एक किरण आला नाही. भिंतींना काळी बुरशी धरली. मैत्रेय दर रविवारी बादली आणि फडकं घेऊन ती पुसायचा. मित्रांमध्ये ती गोष्ट अजून चालते. न्यू लिनला कुणाकडे जेवायला गेलो की प्रसाद हमखास विचारतो, "काय मैत्रेय, बसतोस कुठे? दक्षिणेला?" मैत्रेय हसतो. पण घरी येताना गाडीत जरा कमी बोलतो.

डबा बनवायची माहिती त्याने पोलंडच्या एका माणसाच्या व्हिडिओवरून घेतली होती. तिथे तोंड दक्षिणेकडेच करतात. म्हणजे पुन्हा तेच. वर्षभर सांभाळलेला डबा, आणि त्याच्यात शेवटी रॉनची शेड येणार. सूर्य नाही.

सांगितलं असतं तर तो हसला असता आणि मग कमी बोलला असता. म्हणून मी त्याच्या खणातून काळी टेप आणली, जुनी सोडवली, डबा जागच्या जागी अर्धा फिरवला आणि भोक उत्तरेला, गाईंच्या कुरणाकडे केलं. पुन्हा टेप बांधली. लांबून काही फरक कळत नव्हता.

एक गोष्ट इथे लिहायला हवी. उत्तरेकडे तोंड केल्यावर चित्र पुरं व्हायला जून उजाडणार, हे मला डबा फिरवताना माहीत होतं. मी फक्त चूक दुरुस्त करते आहे, असं मी स्वतःला सांगितलं.

पुढचे सहा आठवडे भराभर गेले. आजींची जखम चोवीस बाय सोळा झाली, मग अठरा बाय बारा. मार्चमध्ये मैत्रेयने खोकी आणली. नितीश आणि सलोनीने रोटोटुनाजवळच दुसरं घर पाहिलं. शेवटच्या गुरुवारी मी आजींना सांगितलं की आता दुसरी नर्स येईल. त्यांनी फीजोआ या इथल्या फळाच्या चटणीची बाटली माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, तेरा आठवडे म्हणालीस ते खरं होतं तर.

वीस मार्चला, शुक्रवारी, मी साडेचारला घरी आले. नायरीला अजून उत्तर दिलेलं नव्हतं. ती साडेपाचपर्यंत असते. अंगणात मैत्रेय खांबापाशी उभा होता, हातात टेप कापायची कात्री. डबा अजून जागेवर होता. त्याने मला हाक मारून बोलावलं आणि टेपच्या टोकावर बोट ठेवलं.

टेपचं टोक एक बोटभर आत दुमडलेलं होतं.

हे सगळ्या नर्स करतात. ड्रेसिंगची टेप लावली की शेवटचं टोक दुमडायचं, म्हणजे पुढच्या वेळी नखाने खरवडावं लागत नाही, रुग्णाला दुखत नाही. मी भेटवस्तूच्या खोक्यांनाही तसंच करते. केलं हे मला कळतही नाही.

"हे तू केलंस," तो म्हणाला.

मी हो म्हटलं.

"कधी?"

"सात फेब्रुवारी. पावणेदोन."

"वेळसुद्धा." त्याने डब्याभोवती एक चक्कर मारली, भोक कुठे आहे ते पाहिलं. "का पण?"

"तू दक्षिणेकडे लावला होतास. मला वाटलं, पुन्हा झालं. तुला वाईट वाटू नये म्हणून गुपचूप केलं."

तो हसेल असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, "एकदा चार महिने बुरशी पुसलेला माणूस उत्तर विसरतो होय गं?"

मग त्याने खिशातलं पेन काढलं आणि शेजारच्या खोक्यावर आकृती काढून मला समजावलं. उन्हाळ्यात इथे सूर्य नेमका पूर्वेला उगवत नाही, पूर्वेच्या बराच दक्षिणेला उगवतो. दुपारी उत्तरेकडून फिरून संध्याकाळी पुन्हा दक्षिणेकडे झुकून मावळतो. म्हणजे दक्षिणेकडे पाहणाऱ्या डब्याला सकाळचा एक तुकडा दिसतो आणि संध्याकाळचा एक. चित्राच्या दोन्ही कडांना रेघांचे दोन लहान पंखे, मध्ये रॉनची शेड. दिवस लहान होत जातात तसे ते पंखे बाहेर सरकतात, आणि एकवीस मार्चला, दिवस-रात्र सारखे होतात त्या दिवशी, सूर्य दक्षिणेच्या बाजूतून पूर्ण निघून जातो. त्यानंतर डबा वर्षभर ठेवला असता तरी सप्टेंबरपर्यंत त्यात काही उमटलं नसतं.

बावीस डिसेंबर ते एकवीस मार्च. मी मनात आठवडे मोजले.

"उत्तरेला लावला असता तर मार्चमध्ये अर्धवट काढावा लागला असता," तो म्हणाला. "नाहीतर तुला वाटलं असतं मी थांबायला सांगतोय. तुला हे फिरणं आवडतं. म्हटलं, तुझ्या करारात बसेल असं एक चित्र करू. वर्षात एक तरी गोष्ट पुरी करून नेऊ."

रॉनच्या शेडमागे कुणीतरी गवत कापायचं यंत्र चालू केलं. ते बंद होईपर्यंत थांबावं असं मला वाटलं, पण ते बंद होईना.

"मला नाही आवडत फिरणं," मी म्हटलं. "पहिल्या दोन गावांत आवडलं. मला इथे राहायचंय, मैत्रेय."

मग नायरीची जागा, आजींची जखम, गिझबर्नच्या सहा, ओमारूच्या नऊ, टौरंगाच्या अकरा, सगळं एका दमात सांगितलं. त्याने मध्ये एकदाच विचारलं, की नायरीने कधी विचारलं. चार फेब्रुवारी, मी म्हटलं. त्याने मान हलवली. तारखांची वजाबाकी त्याला सांगावी लागत नाही.

"म्हणजे डब्याच्या तीन दिवस आधी," तो म्हणाला. "माझी चूक नव्हती दुरुस्त करायची तुला."

"तीही करायची होती."

"विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं."

"तू विचारलंस का मला, फिरणं आवडतं का ते?"

तो पेन खिशात घालून वळला. कात्री खोक्यावर ठेवून घरात गेला. मी कुंपणाला टेकून उभी राहिले. पलीकडच्या गाईंपैकी एक माझ्याकडे बघत होती. पाच वाजून गेले होते. नायरीला काय कळवायचं ते मी मनात जुळवत होते: आभारी आहे, जमणार नाही. त्याने दिलेल्या एका वर्षाहून जास्त मी मागितलं होतं, तेही आधी त्याला न विचारता.

तो परत आला तेव्हा फोन त्याच्या हातात होता.

"रॉनला दोन खिळ्यांचं विचारू का?" तो म्हणाला.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि मी प्रयोगशाळेचं विचारलं. तो आत त्याच्या बॉसशीच बोलून आला होता. एप्रिलची जागा राखून ठेवता येणार नाही, असं बॉसने स्पष्ट सांगितलं होतं. जुलैमध्ये काही असेल तर बघू, शब्द देत नाही. मैत्रेयने हे मला मातीच्या अहवालासारखं सरळ सांगितलं, चांगलंही न करता आणि वाईटही न करता. त्याला त्याचं काम किती आवडतं ते मला माहीत आहे. तो चालताना वाकून माती चिमटीत घेतो.

"मग नको," मी म्हटलं.

"पूर्ण ऐक. तूही कायमचं नको सांगूस अजून. तेरा आठवडे माग. सोमवारपासून मोज, कधी संपतात?"

मी मोजलं. एकवीस जून. वर्षातला सगळ्यात लहान दिवस.

"तोपर्यंत मी इथून काय करता येतं ते बघतो. नाही जमलं तर जूनमध्ये भांडू," तो म्हणाला. "पण तेव्हा समोरासमोर. डब्यामार्फत नाही."

पाच वीसला मी नायरीला फोन केला. कायमच्या जागेची जाहिरात ती देणारच म्हणाली, ती जागा मग दुसऱ्या कुणाला मिळू शकते, हेही सांगितलं. तेरा आठवड्यांना मात्र लगेच "स्वीट ॲज", म्हणजे एकदम चालेल, म्हणाली. रॉनने खिळ्यांना परवानगी दिली, फक्त ते तो स्वतः मारणार होता, कारण भिंतीत वायर कुठून गेली आहे ते त्यालाच ठाऊक होतं. संध्याकाळी पुण्याला व्हिडिओ लावला तेव्हा सासूबाईंनी भिंत पाहिली, यादवरावांना, म्हणजे सासऱ्यांना, हाक मारून दाखवली आणि डावीकडची फ्रेम जरा तिरकी आहे असं सांगितलं.

डबा तसाच आहे. मैत्रेय म्हणतो, चित्र खराब येणार. सहा-सात आठवडे शेड आणि एकोणीस आठवडे गाई, एकावर एक. शेडच्या छतावर गवत उगवल्यासारखं दिसेल आणि सूर्याच्या सगळ्यात उंच रेघा नसतील, कारण त्या दिवसांत डबा दुसरीकडे बघत होता. मी विचारलं, पंखे दिसतील का. दिसतील, कडांना, पुसट, म्हणाला. मग त्याने टेपचं टोक एकदा दाबून पाहिलं आणि दुमडलेलं होतं तसंच ठेवलं.

सोमवारी सकाळी मी अहिपाराच्या रस्त्याला लागले. आजी दारातच होत्या. मला पाहून त्यांनी चष्मा लावला.

"तू गेली होतीस ना?"

"जूनपर्यंत आहे," मी म्हटलं.

"मग माझी चटणी परत आण."

मी सांगितलं की चटणी शनिवारीच संपली, माझ्या नवऱ्याने भाताबरोबर खाल्ली. भाताबरोबर, असं त्यांनी दोनदा म्हटलं आणि पाय स्टुलावर ठेवला. मी पट्टी सोडवली, जखम धुतली, शेजारी कागदी मोजपट्टी ठेवली आणि फोटो काढला. अकरा मिलिमीटर बाय आठ.